खाटेचं माप

आमच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवतात. कारखाना म्हटलं तरी धुराडं वगैरे काही नाही. एक लांब हॉल, त्यात दोन रांगांनी बावीस मशीनं, एका टोकाला कापायचं मोठं टेबल आणि दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, माझं काज-बटणांचं मशीन. टेबलाच्या मागे एक दार आहे. त्या दारामागच्या खोलीत मास्तर आणि तिची आई राहायच्या. एकोणीस वर्षं राहिल्या.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. बाई असली तरी सगळे तिला मास्तरच म्हणायचे. नवी मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी मिशीवाला कोणी पुरुष शोधत राहायची आणि ही समोरच उभी असायची. गळ्यात टेप, बाहीवर खडूची पांढरी बोटं, आणि बोलणं मोजकं. चाळीस पदर कापड एकावर एक अंथरून ती वरच्या पदरावर रेघ मारायची आणि कटर फिरवायची. चाळिसावा पदर पहिल्यासारखाच निघायचा. मी सोळा वर्षं तिने कापलेल्या शर्टांना काजं केली, कधी डावं-उजवं कमी-जास्त आलं नाही.

तिचे दोन नियम होते. पहिला, कागद कापडावर सपाट बसला पाहिजे. कुठे दुमडला तर ढकलाढकली करायची नाही, दुसरं कापड घ्यायचं. "दुमडला तो पीस वाया," म्हणायची. दुसरा नियम, माप अंगाचं घ्यायचं नाही, कपड्याचं घ्यायचं. कोणी आई मुलाला घेऊन माप द्यायला आली की ही सांगायची, "बाई, याला नीट बसणारा एक जुना शर्ट आणा. मूल पोट आत घेतं, खांदे उडवतं. शर्ट काही करत नाही." आणि खरंच, मापाला आणलेल्या जुन्या शर्टावरून तिने कापलेला नवा शर्ट कधी परत आला नाही.

या दोन नियमांवर तिचं सगळं आयुष्य चाललं होतं, म्हणून आधी सांगितलं.

आई म्हणजे आमची सगळ्यांची आजी. एका बालवाडीत मुलांना पाणी पाजायचं, नाकं पुसायची असं काम तिने तीस वर्षं केलं होतं, आणि आमच्याशीही ती तसंच बोलायची. मला "बटण" म्हणायची. "ए बटण, आज तोंड का उतरलंय? काज चुकलं का?" पाय गेले होते तिचे. त्यात छातीत पाणी व्हायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं, आडवं निजायचं नाही, पाठ सरळ ठेवून बसायचं, रात्रीसुद्धा. ती खाटेवर भिंतीला टेकून, पाठीशी तीन उशा लावून बसलेली असायची. दार उघडं असायचं, आणि कापायच्या टेबलावरून मास्तरला ती दिसायची. खाटेच्या प्रत्येक पायाखाली दोन-दोन विटा होत्या. मास्तरच्या कमरेची चकती सरकलेली. आईला उचलायला खाली वाकणं नको म्हणून खाट उंच केलेली.

गेल्या वर्षी मालकाने कापायचं मशीन घ्यायचं ठरवलं. कॉम्प्युटरवर माप घातलं की ते आपलं आपण कापतं. मालक वाईट माणूस नव्हे. त्याने मास्तरला खुर्चीवर बसवून सांगितलं.

"मास्तर, मशीन अठरा फूट लांब आहे. भिंत पाडल्याशिवाय ते बसत नाही. मी तरी कुठे ठेवू?"

"बरोबर आहे," मास्तर म्हणाली. लांबीचा प्रश्न तिला लगेच पटायचा.

"तुमचं काम राहील. तपासायला, गठ्ठे बांधायला माणूस लागेलच. पगार थोडा कमी होईल. खोलीचं मात्र... महिनाअखेरपर्यंत बघा काहीतरी."

मास्तर आणि मी, आम्ही दोघींनी खोल्या पाहिल्या. जी परवडायची ती तिसऱ्या मजल्यावर, जिथे आजीला चढवता येत नव्हतं, नाहीतर गावाबाहेर, जिथून मास्तर दिवसा आईजवळ दोनदा येऊ शकत नव्हती. तेवढ्यात तिच्या थोरल्या भावाचा फोन आला. तो लांब राहतो, आगगाडीने नऊ तास. त्याच्या गावातल्या वृद्धाश्रमात त्याने आईचं नाव घालून ठेवलं होतं. जागा झाली होती.

"तिथे आईला काय कमी आहे? नर्स आहे, डॉक्टर येतो. तू किती दिवस ओढणार?"

"मी ओढत नाही," मास्तर म्हणाली. "मी राहते तिच्याबरोबर."

"भावनेने भिंती उभ्या राहत नाहीत."

ती फोन ठेवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "रविवारची एक सुट्टी. नऊ तास जायला, नऊ तास यायला. मी आईला बघणार कधी गं?" एवढंच. पण तिचा हात टेपवरून सारखा फिरत होता, इकडून तिकडे, काही न मोजता.

गाडीची कल्पना मालकाच्याच तोंडून निघाली. बोलता बोलता तो म्हणाला, "पूर्वी आपला वॉचमन आवारात जुन्या व्हॅनमध्ये राहायचा. तशी एखादी व्हॅन नळाजवळ उभी केलीत तर मी काही बोलणार नाही." त्याने सहज म्हटलं असेल. मास्तरने ते उचललं. नळ आहे, संडास आहे, आई वीस पावलांवर. फक्त गाडी हवी. चालली नाही तरी चालेल, तिच्या साठवलेल्या पैशात बसली पाहिजे आणि खाट आत गेली पाहिजे.

मग तिने खाकी कागद घेतला आणि घर कापलं.

मी खरंच सांगते, तिने घराचं पेपर कटिंग केलं. खाट मापाला घेतली, सहा फूट बाय अडीच. तिच्याभोवती शिलाईला सोडतात तशी बोटभर माया. पायथ्याशी दीड फूट, स्टोव्ह आणि पाण्याच्या कळशीला. खाटेच्या बाजूला दीड फुटाची पट्टी, तिथे खडूने लिहिलं, "मी". कागदाला कागद जोडून सगळं एक केलं. साडेसात फूट बाय सव्वाचार. ती गुंडाळी बगलेत मारून आम्ही रविवारी सकाळी जुन्या गाड्यांच्या आवारात गेलो.

गाडीवाला शेठ खुर्ची टाकून दाढी खाजवत बसलेला. त्याला वाटलं आम्ही काहीतरी विकायला आलोय.

"नकाशा कसला आणलाय ताई? खजिन्याचा?"

"घराचा," मास्तर म्हणाली. "व्हॅनचे मागचे दरवाजे उघडून दाखवा."

पहिली शाळेची व्हॅन. आतली बाकडी काढलेली, रंग छान पिवळा. मास्तरने रबरी मॅट उचलली आणि अंगठ्याने दाबलं. अंगठा आरपार गेला. खालची माती दिसली.

"तेवढं वेल्डिंग करून देतो," शेठ म्हणाला.

"मॅटचं वेल्डिंग कराल, पत्रा कुठे आहे?"

दुसरी एका रंगाऱ्याची होती. आत शिरल्याबरोबर डोळे चुरचुरले. आजीच्या छातीचा विचार करून आम्ही बाहेरूनच वळलो. तिसरी पावाची गाडी, बेकरीवाल्याची. उंच, चौकोनी, आत लाकडी फळ्यांच्या खुणा, कोपऱ्यात अजून पावाचा भुगा. पत्रा पक्का. मी आत चढले आणि सरळ उभी राहिले. हात वर केला तरी टप लागेना.

"मास्तर, यात उभं राहता येतंय गं."

"उभं कोण राहणार आहे? आई बसलेली असते, मी टेबलाशी असते."

तिने कागद अंथरला. पायथ्याकडून चार बोटं कागद दुमडला गेला. तिने पुन्हा सरकवून पाहिलं, तिरका करून पाहिला. चार बोटं. मी म्हटलं, "स्टोव्ह जरा आत सरकव की." ती म्हणाली, "आईच्या पायाशी? पेटता?" आणि कागद गुंडाळायला लागली.

चौथी पार्सलची गाडी. लांब आणि बुटकी. दोन्ही बाजूंना सरकत्या काचा, मागे दोन दरवाजे. आम्ही कंबरेत वाकून आत गेलो. मास्तर गुडघ्यांवर बसली आणि तिने कागद सोडला. कागद उलगडत गेला आणि जाऊन बसला. भिंतीला भिंत, कोपऱ्याला कोपरा. चाकांचे उंचवटेही कुठे मधे येत नव्हते. मी एक टोक धरलं होतं, तिने दुसरं. कुठे सुरकुती नाही.

"बसला," ती म्हणाली.

"बसला गं," मी म्हटलं. आणि मी डोळे मिटून देवाचे आभार मानले. मोठ्याने नाही, मनातल्या मनात. त्या आभारांचं आता काय करायचं, मला कळत नाही. परत तर घेता येत नाहीत.

पुढच्या रविवारी ती बादली घेऊन गेली. मला आत बसवलं, दरवाजे लावले आणि टपावर पाणी ओतलं. सहा बादल्या. मी आत वाकून बसलेले, टॉर्च घेऊन, कुठे थेंब येतो का बघत. बाहेर शेठ ओरडत होता, "ताई, गाडी घ्यायला आलात की धुवायला? धुलाईचे पैसे कापून मिळणार नाहीत!" थेंब आला नाही. पाव आणि पार्सल, दोन्ही गाड्यांची किंमत जवळजवळ सारखी होती. शेठ स्वतः म्हणाला, "राहायला घेताय तर पावाची घ्या, हवेशीर आहे." मास्तरला वाटलं, ती खपत नाही म्हणून गळ्यात मारतोय.

शेठच्या मेकॅनिकने पार्सलची गाडी आवारात आणून नळाजवळ लावली. त्यानंतरचे आठ दिवस मास्तरला मी जितकं आनंदात पाहिलं तितकं कधी पाहिलं नव्हतं. टपाला आतून जाड फोम लावला, ऊन लागू नये म्हणून. त्यावर शर्टाचं उरलेलं पांढरं कापड ताणून शिवलं, गादीसारखे चौकोन पाडून. पडदे निळ्या चौकड्यांचे, पहिलीच्या मुलींच्या फ्रॉकचे. मी पडद्यांना काजं करून दिली. आजी खाटेवरून विचारायची, "झाला का गं माझा बंगला? गच्ची आहे का?"

"आहे. पण जिना नाही."

"मग बरं. ही बटण वर जाऊन पापड नासवेल."

महिनाअखेरीला आम्ही चौघींनी खाट उचलून आत घातली. ती कागदासारखीच बसली. मास्तरने विटासुद्धा मोजून आणल्या, आठच्या आठ, आणि पायांखाली लावल्या. खोलीत होती तश्शी खाट. मग आजीला खुर्चीवरून आणून वर बसवलं, पाठीशी तीन उशा दिल्या. आजी लगेच जरा खाली घसरली.

"दमले गं. थोडी लोळते."

आम्हाला काही वाटलं नाही. आत आम्ही सगळ्याच वाकलेल्या. कोणाची मान सरळ नव्हती, त्यात आजीची वाकलेली मान कोणाला दिसणार?

पाच दिवस गेले. खोलीची भिंत पाडायचं काम सुरू झालं, हॉलभर सिमेंटची धूळ. मास्तर दर तासाला आवारात जाऊन यायची. "आई, बरं आहे ना?" "झकास आहे." आजीचे पाय सुजायला लागले होते. बोलताना मधेच थांबायची, पण थांबून पुन्हा चेष्टा करायची, आणि आम्ही चेष्टेलाच हसायचो. मास्तर रात्री खाटेशेजारच्या पट्टीवर झोपायची. तिने मला सांगितलं, "आई झोपेत फार कण्हते. जागा नवी आहे ना."

सहाव्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी आजीला ताक द्यायला गेले. मास्तर उशा झटकायला आईला पुढे घेऊन धरून होती. मी सहज वर पाहिलं. त्या पांढऱ्याशुभ्र कापडावर, उशांच्या बरोबर वर, एक तपकिरी डाग होता. बशीएवढा गोल.

"मास्तर, हे गळतंय वाटतं."

तिने वर पाहिलं. बोट लावलं, बोटाचा वास घेतला. तेल. आजीच्या डोक्याचं तेल.

पाच दिवस ती बाई टपाला डोकं लावून, मान छातीवर दुमडून बसलेली होती. आडवी झाली तर दम लागायचा, बसली तर डोकं लागायचं. मधेच कुठेतरी घसरून राहायची. आणि दर तासाला विचारलं की झकास.

"आई, सांगायचं नाही का?" मास्तरचा आवाज मला ओळखू आला नाही.

"काय सांगू? तू एवढं मनापासून शिवलंस." आजी दम घेऊन म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मग तुझा भाऊ म्हणाला असता, बघ, मी सांगत होतो. त्याला एवढा आनंद कशाला द्यायचा?"

कागदाला उंची नसते. इतकी साधी गोष्ट. लाखो शर्ट तिने कापले असतील, ते सगळे सपाट. चाळीस पदर असले तरी सपाट. तिने खाटेची लांबी घेतली, रुंदी घेतली, माया सोडली. खाटेवर माणूस बसलेलं असतं तेवढी जागा कागदावर कुठेच नव्हती, आणि मीही दुसरं टोक धरून तिथेच होते.

ती त्याच दुपारी रजा टाकून शेठकडे गेली. मी बरोबर गेले. पावाची गाडी जिथे उभी होती तिथे जमिनीवर चार चाकांचे ठसे आणि थोडा भुगा होता. मुंग्या लागल्या होत्या.

"परवाच गेली ताई. भाजीवाल्याने घेतली. मी तुम्हाला म्हणत होतो."

"दुसरी उंच?"

शेठने दोन दाखवल्या. त्यांच्या किमतीत आमच्यासारख्या पाच गाड्या आल्या असत्या. पार्सलची गाडी परत घ्याल का, विचारलं, तर तो नखं बघायला लागला. मग म्हणाला, "टपाला फोम चिकटवलात, पडद्यांसाठी भोकं पाडलीत. आता ती माझ्या कामाची नाही." चेष्टा केली नाही त्याने. केली असती तर बरं वाटलं असतं.

परत आल्यावर मास्तरने खाटेखालच्या विटा काढल्या. फोम ओरबाडून काढला; डागाचा तुकडा मात्र तिने वेगळा करून ठेवला, कशाला ते मी विचारलं नाही. आता आजी सरळ बसू शकत होती. डोकं आणि टप यांत दोन बोटं अंतर राहिलं. आजीने मान इकडे तिकडे फिरवून दाखवली. "बघ, नाचता येईल."

पण विटा उगाच नव्हत्या. खाट खाली गेली तशी मास्तरची कंबर गेली. दिवसातून सहा-सात वेळा, वाकलेल्या टपाखाली स्वतः दुमडून, गुडघ्याखालच्या उंचीवरून आईला उचलायचं. मी कामावर असले की मदतीला जायचे. पण संध्याकाळी मला घर होतं, माझी माणसं होती. हे लिहिताना मला लाज वाटते, पण होतं ते होतं. मास्तर हॉलमध्ये भिंतीला धरून चालायला लागली. गठ्ठा बांधायला वाकली की दोन मिनिटं उठायचीच नाही. मालक काचेतून बघायचा आणि दुसरीकडे तोंड करायचा.

तेराव्या दिवशी सकाळी मी फाटकातून आत आले तर व्हॅनचे मागचे दरवाजे उघडे. दोघी खाली पडलेल्या, खाट आणि भिंत यांच्यामध्ये, त्या दीड फुटाच्या पट्टीत. आजी वर, मास्तर खाली. मास्तरने आईला लागू नये म्हणून अंगावर घेतलं होतं आणि मग तिला उठता येईना. किती वेळ तशा होत्या कोण जाणे. आजीने मला बघून म्हटलं, "ये बटण. आमचं काज अडकलंय, सोडव." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ती रडली. आवाज न करता.

दोन जणींना बोलावून मी आजीला वर बसवलं. मास्तर तशीच जमिनीवर बसून राहिली.

"भावाला फोन लाव," आजी म्हणाली.

"नाही."

"लाव. तू मोडलीस तर मला उचलणार कोण? आणि मग तुला कोण उचलणार?"

"आई, मी दुसरी गाडी बघते. उसने घेते. थोडे दिवस—"

"बाळ," आजी म्हणाली. ही पन्नाशीची, केस पिकलेली, तिला ती बाळ म्हणाली. "मला सरळ बसू दे गं. दमले मी."

फोन मास्तरने स्वतः लावला. भाऊ चांगलं बोलला, 'मी सांगितलं होतं' वगैरे काही म्हणाला नाही. आश्रमाने सामानाची यादी पाठवली. त्यात होतं, दोन गाऊन, पुढून उघडणारे, आत नाव शिवलेले.

शनिवारी दुपारी मास्तरने ते गाऊन शिवायला घेतले. आधी सवयीने आजीचा जुना गाऊन मापाला काढला. इतकी वर्षं ती तसंच करत आली होती. जुन्या गाऊनवरून नवा, नव्या गाऊनवरून पुढचा. ते अंगावर ढगळ लोंबायचे, आणि आम्हाला वाटायचं, म्हातारीला मोकळं हवं म्हणून असतील. तिने तो गाऊन टेबलावर अंथरला, बघत राहिली, आणि घडी करून ठेवून दिला. टेप घेऊन व्हॅनमध्ये गेली. मला म्हणाली, "एक टोक धर."

खांद्याला टेप लावला. छाती, बाही. मग आजीला दोघींनी कुशीवर घेतलं, पाय हळूहळू सरळ केले आणि डोक्यापासून टाचेपर्यंत टेप लावला. मास्तरने आकडा वाचला. पुन्हा लावला, पुन्हा वाचला.

चार फूट पाच इंच.

खाट सहा फुटांची होती. आजीने ती खाट कधी पूर्ण व्यापली असेल तेव्हा असेल. आता पायाशी दीड फूट रिकामं होतं, रोज डोळ्यांसमोर, आणि त्यावर आम्ही चादरीच्या घड्या ठेवत होतो. पावाच्या गाडीत चार बोटं कमी पडत होती. फक्त चार बोटं. खाट कापून घेतली असती तर त्या गाडीत आजी बसली असती, विटांसकट, आणि वर हातभर जागा उरली असती.

आजीला आमच्या तोंडावरून कळलं. ती हुशार बाई.

"एवढीशीच ना मी? मग माझंच माप घ्यायचं होतंस की गं," ती हसून म्हणाली. "खाटेचं कशाला घेतलंस?"

टोमणा नव्हता तो. टोमणा तिने नेहमी मोठ्याने मारला. हे ती अगदी हळू म्हणाली, मुलाच्या नाकाखालचं पुसावं तसं. मास्तरने खडू घेतला, आणि वहीत लिहायच्या ऐवजी व्हॅनच्या पत्र्यावर आकडे लिहिले. खांदा, छाती, बाही, उंची. एकाखाली एक.

रविवारी भाऊ मोठी गाडी घेऊन आला. आजीला मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. ती सरळ बसली होती. नवा गाऊन खांद्यावर असा बसला होता की एक सुरकुती नाही. इतक्या वर्षांत तिला नीट बसलेला पहिला कपडा. काचेतून तिने मला बोट दाखवलं, "बटण, हिच्याकडे बघ." गाडी फाटकातून गेली. मास्तर नळाजवळ उभी राहिली, दोन्ही हात बाजूला, जणू माप द्यायला उभी आहे.

त्याला आता चार महिने झाले. आश्रमातून दर रविवारी पाच मिनिटं फोन देतात. आजी विचारते, कंबर कशी आहे. मास्तर सांगते, झकास. एवढ्यात पाच मिनिटं संपतात. हल्ली आजीची वाक्यं लहान होत चालली आहेत. एकदा मास्तर जाऊन आली. अर्धा तास भेट झाली, त्यातला बराच वेळ आजी झोपली होती. उशांना टेकून, मान सरळ ठेवून.

ती पावाची गाडी भाजीवाल्याने हिरवी रंगवली आहे. कारखान्याच्या कोपऱ्यावर उभी असते. आत तो ताठ उभा राहून दुधी आणि गाजरं तोलतो. मास्तर तिथून भाजी घेत नाही. लांबून जाते, पण जाताना एकदा वर बघतेच, त्याचं डोकं आणि टप यांच्यामध्ये.

मी संध्याकाळी निघताना व्हॅनमध्ये डोकावते. खाट अजून तिथेच आहे, चादर घालून नीट. पत्र्यावरचे खडूचे आकडे तिने पुसलेले नाहीत. ती झोपते त्या दीड फुटाच्या पट्टीवर, जिथे कागदावर "मी" लिहिलं होतं तिथे, भिंतीकडे पाठ करून. परवा मी म्हटलं, "अगं, आता तरी खाटेवर झोप. कंबरेला बरं पडेल."

"ते माझं माप नाही," ती म्हणाली.

मी घरी आले. देवासमोर हात जोडले. काय मागायचं ते सुचेना, म्हणून तशीच थोडा वेळ उभी राहिले.